अळीचा पार्ट

“ही अळी,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं.

मेकअपवाली बाई डबा उघडून बसली होती. आरशाच्या बाजूला मॅडमच्या भरतनाट्यमच्या मुली, केस चापूनचोपून, पाठी ताठ. दाराच्या बाजूला आम्ही, कापसाच्या जिनमागच्या वस्तीतली पोरं. बाईनं ब्रश माझ्या गालाशी आणला तशा मॅडम म्हणाल्या, “हिला नको. अंगावर नुसतं गुलाबी कापड गुंडाळा. अळीचं डोकं काळंच असतं.”

मुली हसल्या. मॅडम रागानं बोलल्या नव्हत्या. एक काम सोपं झालं म्हणून खूष होत्या. आणि मी? मीसुद्धा हसले. हसणाऱ्यांत आपणही सामील झालो की कमी लागतं, असं तेव्हा वाटायचं. नाही लागत कमी. जास्तच लागतं, फक्त उशिरा.

गाव दिग्रस. साल बोंडअळीचं. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडकी सरकी आणि गुलाबी अळी. जिनमध्ये माल येईना. माय तिथं कापूस निवडायला जायची, तिचं काम कधी असायचं, कधी फाटकावरूनच परत यायची. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी अळी. मग मॅडमनी ठरवलं, अळीवर नृत्यनाट्य करायचं. तिकीट लावायचं, पैसे कपाशीवाल्यांच्या मदतीला द्यायचे. गोष्ट अशी: पांढऱ्या साडीतल्या मुली म्हणजे बोंडं. मधोमध कपाशीदेवी. अळ्या येतात, बोंडं खातात. शेतकरी पंप घेऊन येतो, फवारतो, अळ्या तडफडून मरतात. देवी आशीर्वाद देते. पडदा.

बोंडं त्यांच्या क्लासची. अळ्या आमच्या वस्तीच्या. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं. आपोआप झालं. आपोआप होतं तेच मला आज जास्त टोचतं.

आता आम्ही तिथं पोचलो कसे, ते सांगते.

सलीम नावाचा माझ्या वर्गातला पोरगा. त्याच्या अब्बूंचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज. त्याच्याकडं टचचा मोबाईल होता, काच फुटलेली, पण चालायचा. त्यात त्यानं पहिल्यांदा मला हिपहॉप दाखवलं. अमेरिकेतली काळी पोरं रस्त्यात गोल करून उभी. एक मधी येतो, नाचतो, दुसऱ्याकडं हात करतो, बाहेर जातो. सलीम म्हणाला, “इनको बी कोनी हॉलमध्ये घेत नव्हतं. रस्त्यावरच्या खांबावरून करंट घ्यायचे अन् गाने लावायचे.” मी तो व्हिडिओ त्याचं चार्जिंग संपेपर्यंत पाहिला.

पाहताना एक गोष्ट लक्षात आली. ती पोरं गुडघ्यात वाकून हलतात. ताल वर नाही, खाली जमिनीत सोडतात. हे मला येत होतं! कोणी शिकवलं नव्हतं तरी येत होतं. आमच्याकडं गाडीत कापूस भरताना पोरांना आत उतरवतात, तुडवायला. कापूस फुगतो, तो दाबला नाही तर गाडीत मावत नाही. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे, गोल फिरायचं, गुडघे मोडून दणदण पाय मारायचे. पाय आत रुततो, तो ओढून काढायचा, पुन्हा मारायचा. नाकातोंडात तंतू, अंगाला खाज, वरून कोणीतरी ओरडतं, “कोपऱ्यात तुडवा बे!” मी लहानपणापासून तेच केलं होतं. सलीम जेव्हा म्हणाला की याला बाउन्स म्हणतात आणि तो यायला लोकांना महिने लागतात, तेव्हा मी खो खो हसले.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आम्ही नाचायचो, तिथंही तेच गुडघे. शाळेतल्या लेझमीतही तेच. नाच कुठलाही असो, निघतो गुडघ्यातून. गर्व मात्र मानेत असतो.

हिपहॉपमध्ये जमिनीवर करायचा नाच असतो, ब्रेकिंग, त्यात एक चाल आहे. तिचं नावच वर्म, म्हणजे अळी. पोटावर पडायचं, छातीतून लाट उठवायची, ती पोटातून गुडघ्यापर्यंत न्यायची आणि पुढं सरकायचं. जिनच्या आवारातल्या सिमेंटच्या ओट्यावर मी ती शिकले. हंगाम नसला की ओटा रिकामा असायचा. हनुवटी फुटली. कोपरांवर खपल्या. मायनं हळद लावली आणि शिव्या दिल्या. पण जमली. गावात कोणालाच येत नव्हती, मला येत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वस्तीतली आम्ही पोरं सलीमबरोबर नाचलो, त्यात मी ती केली तेव्हा पोट्टे बाकांवर उभे राहिले होते.

त्या गॅदरिंगला मॅडम पाहुण्या होत्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कचेरीतली माणसं, कोणी वकील, कोणी बँकेत. त्या स्वतः पुण्याला भरतनाट्यम शिकून आलेल्या. दिग्रसमध्ये गुळगुळीत फरशीचा आणि भिंतभर आरशाचा हॉल एकच, त्यांचा. मला म्हणाल्या, “रविवारी आमचा वर्ग सुटला की तुम्ही या. फरशी वापरा. फी नको. वार्षिक कार्यक्रमाला मदत करा म्हणजे झालं.”

आरसा! तुम्हाला सांगते, ज्यानं आपलं अख्खं अंग कधी एकदम पाहिलं नाही त्यालाच कळेल. आमच्या घरात आरसा होता तो मायच्या कुंकवापुरता. त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा पाहिलं की मी नाचताना कशी दिसते. चांगली दिसत होते मी. त्या दिवसापासून तो हॉल म्हणजे माझा जीव की प्राण झाला. म्हणूनच पुढं जे गिळलं ते गिळलं.

काय काय गिळलं? आम्ही गेल्यावर लगेच फरशी पुसली जायची. आम्ही यायच्या आधी नाही, आम्ही गेल्यावर. प्यायचं पाणी आपापलं आणायचं. आम्ही लवकर पोचायचो, तेव्हा दाराबाहेर बसून आतला वर्ग बघायचो. नाचाआधी त्या मुली जमिनीला हात लावून डोळ्यांना लावायच्या. जिच्यावर पाय आपटणार तिची आधी माफी मागायची. मला ते फार आवडलं. मग त्या गुडघे बाजूला उघडून अर्ध्या बसायच्या, त्याला अरमंडी म्हणतात, आणि तळवे थाड थाड जमिनीवर. मी बाहेर बसल्या बसल्या तळवे हलवायचे. आपलंच आहे की हे, मला वाटायचं. नातं लागतं आपलं. लांबचं असेल, पण लागतं.

एकदा हिंमत करून विचारलं, “मॅडम, मला पण शिकवाल का हे?”

मॅडम हसल्या. माझ्या खांद्याला हात लावला नाही, पण लावल्यासारखा केला. “तुला कशाला? शास्त्रीय म्हणजे साधना असते. तुझं अंग त्याला नाही. तुमचं ते रस्त्यावरचं छान आहे, कसरतीसारखं. तेच कर.”

घरी आले. बाबांना सांगितलं नाही. बाबा तेव्हा नुकतेच दवाखान्यातून आले होते.

बाबा रोजीनं दुसऱ्यांच्या वावरात फवारायला जायचे. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंपाची नळी वर धरून फवारावं लागायचं, औषध परत तोंडावर यायचं. एके दुपारी बाबा भिंत धरत धरत घरी आले. डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला फेस. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या, इतके फवारणारे आले होते. बाबा वाचले. हात मात्र थरथरत राहिले. चहाचा कप मायनं धरायचा आणि बाबांनी प्यायचा, असं चाललं होतं.

मी मॅडमच्या कार्यक्रमात आहे हे कळल्यावर बाबा म्हणाले, “तुह्या आज्यानं डफडं काहून सोडलं, माईत हाय तुले?”

“हाय.”

“काय माईत हाय? लगन त्याइचं, मयत त्याइची, अन् वाजवाचं आपून. वाजवून झालं का दारातून भाकर फेकत. आज्यानं थे डफडं भर चौकात फोडलं. मार खाल्ला, पन पुन्हा हातात घेतलं नाही. आता तू कोनाच्या दारात नाचून राह्यली?”

“दार नाही बाबा, हॉल हाय. आरसा हाय तथी.”

“आरसा हाय न? मंग पायत जाय त्यात नीट.”

मला राग आला. बाबांना काय कळतं हिपहॉपमधलं, असं म्हणून मी पाय आपटत निघून गेले.

तालमी सुरू झाल्या. मरायचा सीन आला. मॅडमना तडफडणं हवं होतं. सलीमला पॉपिंग यायचं. स्नायू आवळायचा आणि झटकन सोडायचा, अंगाला विजेचा झटका बसल्यासारखं दिसतं. त्यानं मला शिकवलं होतं. मी बोटांपासून सुरू केलं. बोटं, मनगट, कोपर. थरथर वर चढवत नेली.

“थांबा!” मॅडम ओरडल्या. “सगळ्यांनी इकडं बघा. किती खरं आहे हे! कुठून शिकलीस गं?”

मी आरशात पाहिलं. तो हात माझा नव्हता. चुलीपुढं रोज समोर दिसायचा तो हात. कप धरता न येणारा. मी तो उचलून आणला होता, मला न कळता, आणि इथं अळीला लावला होता. आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

सलीमनं मागून सांगितलं, “मोबाईलवर, मॅडम.”

घरी जेवले नाही. अंगाची आग आग. दुसऱ्या दिवशी मॅडमना एकटीनं गाठलं आणि जमेल तितक्या नरमाईनं म्हटलं, “मॅडम, शेवटी फवारणारा पडतो, असं दाखवू या का? यंदा खूप जण पडले.”

त्यांनी घुंगरं सोडता सोडता वर पाहिलं. “लोक तिकीट काढून येणार. त्यांना हे बघायचं नसतं. आणि तुझं काम अळीचं आहे. अळीनं नाटक बदलायचं नसतं.” मग जरा मऊ आवाजात, “नको असेल तर सांग. दुसरी अळी शोधते. पण मग रविवारचा हॉलही विसर.”

मी म्हटलं, “नाही मॅडम. करते.”

हॉलसाठी म्हटलं. त्या फरशीसाठी, त्या आरशासाठी. दुसरं काहीच नव्हतं माझ्याजवळ.

कार्यक्रम मंगल कार्यालयात झाला. पुढं सोफे, त्यावर प्रमुख पाहुणे साहेब, जिनवाले, अडते. मागं खुर्च्या, बोंडांच्या आईबापांसाठी. अळ्यांच्या आईबापांना बाजूला सतरंजी. माय आणि बाबा तिथं बसले होते. बाबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, लग्नाला जावं तसा.

मी गुलाबी कापडात गुंडाळून पोटावर पडले. संगीत सुरू झालं. वर्म केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट नेली. टाळ्या पडल्या, खऱ्याखुऱ्या. मग शेतकरी आला. खत-औषधाच्या दुकानदाराचा मुलगा, गोरापान, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, हातात मोजे, पाठीवर कोरा करकरीत पंप. पंपात मॅडमनी गुलाबपाणी भरलं होतं. त्यानं फवारा सोडला तसा सगळ्या कार्यालयात वास सुटला. पुढच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, “अगंबाई, किती छान!”

सलीम मेला. बाकीची पोरं एकेक करून मेली. माझी पाळी. मी बोटं आवळली आणि नजर सतरंजीकडं गेली.

बाबांनी आपला उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला होता. घट्ट. लपवला होता. माझ्या हातावरून कोणी त्यांचा हात ओळखू नये म्हणून.

माझा हात थांबला.

मी तळवा जमिनीवर टेकवला आणि उठले. काय करणार होते, मला तरी कुठं ठाऊक होतं? गुडघे आपोआप वाकले. पाय आपोआप पडायला लागले. दण. दण. तुडवणं. शेतकरी गोंधळला, त्यानं जवळ येऊन तोंडावर फवारलं. डोळे झोंबले. मी पाय मारत राहिले.

विंगेतून आवाज आला. “मर!”

मी पाहिलं. मॅडम होत्या. चेहरा लाल.

“मर ना गं! गाणं संपतंय! मर!”

“नाही मरत,” मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. सोफ्यापर्यंत गेलं असेल.

मेलेल्या सलीमनं एक डोळा उघडला. “क्या कर रही तू?”

“ऊठ.”

तो उठला. मग दुसरी पोरं उठली. खांद्यावर हात टाकले, गोल धरला, पाठी सोफ्यांकडं झाल्या. वर गाणं चालू होतं देवीच्या आशीर्वादाचं, मृदंगावर, आणि आमचे पाय त्यात नीट बसत होते. कपाशीदेवी झालेली मुलगी मधोमध उभी होती. तिनं अरमंडीत बसून ठरलेले पाय मारायला घेतले, आणि थोडा वेळ तिची थाप आणि आमची थाप एकाच वेळी पडली. ती माझ्याकडं बघत होती. घाबरलेली होती, पण थांबली नाही. मग कोणीतरी पडदा पाडला.

मेकअपच्या खोलीत मॅडम आल्या. दार लावलं.

“साहेबांनी विचारलं शेवट काय होता. मी सांगितलं पोरगी गोंधळली. आता बाहेर चल, त्यांच्या पाया पड आणि म्हण, चुकलं. मी तुला पुण्याच्या स्पर्धेला नेणार होते. अजूनही नेईन.”

“चुकलं नाही मॅडम. मले मराचं नव्हतं.”

त्यांच्यासमोर मी कायम शाळेतलं मराठी बोलायचे. त्या दिवशी घरचं आलं तोंडात.

“तुम्हा लोकांना जागा दिली की हे असं होतं,” मॅडम म्हणाल्या.

मी अंगावरचं गुलाबी कापड सोडलं. घडी करून ठेवावं, अशी हातांना सवय होती. केली नाही घडी. त्यांच्या पायाशी टाकलं आणि दार उघडलं.

बाहेर बाबा उभे होते. शाबासकी नाही, काही नाही. कार्यालयाच्या पायरीवर म्हणाले, “थ्या पोराले चष्मा देला होता. मास्क बी देला होता. स्टेजवर फवाराले.” माय म्हणाली, “चाला घरी.” आम्ही चालत घरी गेलो.

हॉल गेला. पुन्हा सिमेंट. हंगामात जिनचा चौकीदार हाकलायचा, मग बाजार समितीच्या ओट्यावर, तिथूनही हाकललं की बसस्टँडमागं. दोन पोरी माफी मागून परत हॉलात गेल्या, मी त्यांना बोल लावत नाही. फरशीची भूक मला माहीत आहे. वर्षभर आरसा नव्हता तेव्हा सलीम आणि मी एकमेकांसमोर उभं राहून एकमेकांचे आरसे झालो. खोटं कशाला सांगू, फार वेळा वाटलं, पाया पडले असते तर काय बिघडलं असतं? रडू यायचं. रागही यायचा, स्वतःचा, सगळ्यांचा.

आता मी शिकवते. वस्तीत, समाजमंदिरात, पोरींना. सलीम गॅरेज बंद करून संध्याकाळी येतो. हिपहॉपला आता मान आलाय, टीव्हीवर दाखवतात, गोऱ्या घरांतली मुलं शिकतात. मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. आवाज तोच, मऊ.

“अगं, तू तर आमच्याच क्लासची. आम्ही हिपहॉपची बॅच काढतोय. तूच घे. हॉल तुझाच आहे.”

हॉल. छातीत धस्स झालं, कबूल करते. अजूनही होतं.

मी म्हटलं, “येते. पण माझ्या पोरी तुमच्या भरतनाट्यमच्या वर्गात घ्या. आतमध्ये. तुमच्या मुलींच्या रांगेत.”

मॅडम हसल्या. “अगं, प्रत्येक नाचाला एक अंग लागतं...”

मी फोन ठेवला.

पुसदला एक बाई भरतनाट्यम शिकवतात. कोणालाही शिकवतात. मी जाऊन पाहून आले, नाव घातलं. दर शनिवारी एसटीनं जाते. या वयात अरमंडी बसायला जांघा फाटतात, बाजूच्या मुली माझ्या निम्म्या वयाच्या आहेत, मला हसतात. हसू देत. जे शिकते ते रविवारी समाजमंदिरात पोरींना देते. एका तासाला हिपहॉप, एका तासाला ते. दोन्ही त्याच जमिनीवर, त्याच पायांनी.

पोरींना मी सांगून ठेवलंय. जो नाच तुमच्या अंगाचा नाही असं कोणी म्हणेल, तो आधी शिकायचा. कोणी पार्ट दिला तर आधी विचारायचं, शेवटी मरतं कोण. आपणच मरत असू, तर स्टेजवर पाय ठेवायचा नाही. ठेवलाच, तर मरायचं नाही.